केशरअक्काचा कान

शंकरची मोटार पळताना कधी कुरकुरली नाही. तिचं दुखणं सुरू व्हायचं ते थांबायची वेळ आली की. चढावर ती बोंबलत जाई, सपाटीला लागली की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. पण दारात उभी केली की तिला हुडहुडी भरायची. ठोके चुकायचे, पुढची दिवटी खडखडायची, मागच्या हौद्याच्या फळ्या एकमेकींवर आपटायच्या, आणि शंकर "थांब गं, थांब गं" म्हणेपर्यंत ती गप्प व्हायची. मग खाली उतरून पुढून हँडल मारायचं. एकदा, दोनदा, दहादा. हँडल कधी उलटं फिरून मनगटावर बसेल त्याचा नेम नाही.

एकोणीसशे एकतीस सालची दिवाळी नुकती उलटली होती. गुंद गावाच्या आजूबाजूला तेवढी एकच मोटार. बेळगावकडच्या एका मळेवाल्यानं वापरून वापरून टाकलेली. तिच्या मागच्या गाद्या काढून शंकरनं तिथं फणसाच्या फळ्यांचा हौदा बसवला होता. खानापुराकडून बायकोला, सुशीलाला घेऊन तो इथं आला तेव्हा त्याच्याकडं बैलांची एक जोडी होती. ती विकून त्यानं ही मोटार घेतली. गुंदच्या खळ्यांवरचा तांदूळ कुळगीच्या रानात लाकूडतोड्या मजुरांना पोचवायचा, सोमवारी एक खेप आणि गुरुवारी एक, हे काम ठेकेदारानं त्याला दिलं होतं. दोन वर्षं सगळं झकास चाललं. दसऱ्यानंतर मात्र मोटारीला हे थरथरीचं दुखणं जडलं.

बेळगावच्या मिस्त्रीकडं तो एकदा जाऊन आला. मिस्त्रीनं प्लग घासले, कारबोरेटर उघडून धुतला, पेट्रोल कापडातून गाळलं, आणि शेवटी बॉनेटवर हात आपटून म्हणाला, "म्हातारी झाली." शंकरला फार लागलं. आपल्या आईला कुणी तसं म्हटलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं.

त्या गुरुवारी सहा पोती भरून तो कुळगीच्या वाटेला लागला. दोन डोंगरांमधल्या अरुंद चढावर समोरून म्हादू गाडीवानाची रिकामी बैलगाडी आली. वाट द्यायला शंकरनं वेग कमी केला, आणि व्हायचं तेच झालं. मोटार दोनदा उचकली आणि मेली. खाली उतरून त्यानं हँडल मारलं. आठव्या झटक्याला ते उलटं आलं आणि मनगटात कळ गेली ती थेट खांद्यापर्यंत. तो वाटेतच उकिडवा बसला.

म्हादू गाडीवरून उतरला. हसला नाही, हेच जास्त झालं. त्यानं मुकाट्यानं बैल सोडले, मोटारीला दोर बांधला आणि जू अडकवलं. डावा बैल चांद्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो शंकरच्या दावणीला होता. त्यानं मान वळवून शंकरचा सुजलेला हात हुंगला, चाटला, आणि मग मोटार ओढायला लागला. पुढं बैल, मागं मोटार, आणि मोटारीच्या बाजूनं एका हातानं चाक धरून पायी तिचा मालक, अशी ती वरात कुळगीच्या छावणीत शिरली तेव्हा मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवून बघून घेतलं.

परशुराम मुकादम, म्हणजे ठेकेदाराचा माणूस, चुलीपाशी उभा होता. चुली कधीच्या पेटल्या होत्या, वर नुसतं पाणी उकळत होतं.

"शंकर," तो म्हणाला, "आजची तिसरी बारी. सोमवारी म्या सोता तुज्या शेजारी बसून येतो. वाटंत मोटार बंद पडली, तर मंगळवारपास्नं म्हादूच्या गाड्या. मानसं उपाशी ऱ्हायली तर करवत कोन वडनार? तू?"

बैल विकून मोटार घेतलेल्या माणसाचं काम बैलांकडं गेलं, तर त्याला गाव सोडून जायलाही स्वतःचे बैल उरत नाहीत.

घरी सुशीलानं हळद-चुना गरम करून मनगटावर बांधला.

"अवो," गाठ मारत ती म्हणाली, "पुजंत काय चुकलं आसंल काय?"

शंकरलाही तेच वाटत होतं. त्याला आपला दसरा आठवला. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, तो लाडू लोहाराच्या भट्टीवर गेला होता. लाडूनं ऐरण धुतली, हळद-कुंकू वाहिलं आणि तिच्याच डोक्यावर खाडकन नारळ फोडला. शंकर हरखून गेला. ज्याचं जे हत्यार, त्यावरच नारळ! मग आपलं हत्यार कुठलं? घरी येऊन त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाला झेंडूची माळ घातली, आणि समोर जे लोखंड हाताशी आलं त्याच्या कोपऱ्यावर भक्तिभावानं नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. पाडव्याला पुन्हा एक फोडला. मोटार पहिल्यांदा बंद पडली तेव्हा एक. दुसऱ्यांदा पडली तेव्हा एक.

शुक्रवारी सकाळी पाचवा फोडला. डाव्या हातानं फोडायचा म्हणून जरा जास्तच जोर लावला. त्यानंतर मोटार जी थरथरायला लागली, ती पाच मोजायच्या आत बंद. वर गुरुवारच्या उलट्या झटक्यात वाकलेलं हँडल ही एक खेप कसंबसं चाललं, ते आता भोकातच जाईना.

हँडल सरळ करून घ्यायचं म्हणून रविवारी दुपारी त्यानं मोटार लाडू लोहाराकडं न्यायची ठरवली. भट्टी उताराच्या तळाला. हँडल नाही, तर उतारावर ढकलूनच चालू करायची. सुशीला आत बसली; मोटार उताराला लागली की तो उडी मारून चाक धरणार होता. पेट्रोलचा दांडा कुठं आणि किती ओढायचा हे त्यानं तिला दाखवलं. "खाली सोडू नगंस. सोडलास की मेली." तिनं पदर खोचला आणि दांडा असा धरला की जणू चुलीवरचं दूध उतू जाणार होतं.

लाडू लोहार साठीचा, रुंद खांद्यांचा, मिशा ठिणग्यांनी जळून तांबूस झालेला. त्याची बायको केशर भट्टीच्या मागं भात्याशी बसलेली. चाळीस वर्षं तिचं तेच काम: दोरी ओढायची, सोडायची, ओढायची. गावात लाडूच्या हाताचं नाव होतं. कोयती लाडूची, फाळ लाडूचा, चाकाची धाव लाडूची. केशरचं नाव कुणी कधी घेतल्याचं शंकरला आठवत नव्हतं. तो स्वतः शंभरदा त्या भट्टीवर आला असेल. तिला रामराम घातल्याचंही त्याला आठवत नव्हतं.

लाडूनं हँडल निखाऱ्यात खुपसलं. केशरनं भाता ओढला. बाहेर सुशीला दांडा धरून बसलेली, मोटार ओरडत होती.

"वरडू दे किती," लाडू म्हणाला. "बंद कर की."

"बंद केली तर परत ढकलाय लागंल, अण्णा. हळू केली तरी मरतीय."

भात्याची दोरी थांबली.

"हळू केली की मरतीय?" केशरनं विचारलं. निखाऱ्यांकडं बघत, जणू त्यांनाच.

"व्हय."

"आन् जोरात असली की?"

"जोरात असली की काय न्हाई हुत. बेळगावचा मिस्त्री म्हनला, म्हातारी झालीया."

"म्हातारं मानूस जोरात पळताना मरतंय, निवांत बसल्यावर न्हवं." ती उठली. गुडघे कटकन वाजले. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि मोटारीपासून चार हातांवर मान तिरकी करून उभी राहिली. "पोरी, सोड वाईच. अगदी मरू देऊ नगं."

सुशीलानं दांडा जरा सोडला. मोटार थरथरली, ठोका गिळला. केशरनं डोळे मिटले. सुशीलानं घाबरून पुन्हा दांडा ओढला. "परत," केशर म्हणाली. असं चार वेळा झालं. शंकरला गंमत वाटत होती, थोडा रागही येत होता. बेळगावच्या मिस्त्रीला जे कळलं नाही ते भाता ओढणारीला काय कळणार, असं त्याच्या मनात आलं. ते मनात आलं याची लाज त्याला पुढं बरेच दिवस पुरली.

"वारा गळतोय हिचा," केशर म्हणाली.

"वारा?"

"ही वारा वडून घेती का न्हाई? नाक हाय का हिला?"

शंकर चकित झाला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "हाय. हितनं वारा घेती, त्यात पेट्रोल मिसळतंय, आन् ह्या नळीतनं समदं आत जातंय." त्यानं इंजिनाच्या बगलेची मनगटाएवढी ओतीव बिडाची नळी दाखवली.

"मग नाकाबिगर आनी कुटनं तरी वारा आत शिरतोय. भात्याच्या चामड्याला भोक पडलं की हेच हुतंय. जोरात वडला तर भोक कळत न्हाई, वारा रग्गड असतोय. हळू वडला की भोकाचंच राज्य, आन् आग मरती. चाळीस वर्सं बगतीया. निखारा आसाच मिचमिचतोय, हिच्यावानीच." ती आत वळली. "धूप आनते. धुराला दावलं की भोक घावतंय."

"नगं नगं, अक्का!" शंकर आडवा आला. "पेट्रोल हाय. पेट घील!"

अक्का. तोंडातून कसं गेलं त्याचं त्यालाच कळलं नाही.

केशर थांबली. तिला ते पटलं. मग ती आतून उंडीच्या तेलाची वाटी आणि कोंबडीचं एक पीस घेऊन आली. भात्याच्या चामड्याला तेल लावायचं ते पीस, काळंकुट्ट झालेलं. "तेलानं काय पेटत न्हाई न्हवं लगेच?"

"न्हाई. पर नळी तापल्याली हाय, हात सांबाळ."

"माजा हात?" केशर म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. तिच्या हाताच्या कातडीला विस्तव ओळखीचा होता.

सुशीलानं दांडा सोडला आणि मोटार मरायच्या काठावर आणून धरली. शंकरला तरी तसं धरता आलं असतं का कोण जाणे. केशरनं पीस तेलात बुडवलं आणि जिथं जिथं जोड होता तिथं तिथं फिरवलं. कारबोरेटरच्या बुडाशी फिरवलं. मोटार थरथरतच राहिली. नळी इंजिनाला मिळते तिथं फिरवलं. काही फरक नाही. मग बोटं वाकडी करून तिनं पीस नळीच्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या भिंतीकडं घातलं. तिथं डोळा पोचत नव्हता. पीस मागच्या मागं खाली सरकलं.

आणि मोटार शांत झाली.

थरथर गेली, दिवटी खडखडायची थांबली. एकसारखे, गोल ठोके. सुशीलानं दांड्यावरून हातच उचलला, तरी ठोके पडत राहिले. लाडू हातोडा घेऊन दारात आला. आठ-दहा ठोके झाले, भेगेनं तेल शोषून घेतलं, आणि पुन्हा हुडहुडी. केशरनं पुन्हा पीस फिरवलं, पुन्हा शांत. तिनं तसं तीनदा केलं. पहिल्यांदा गळती सापडावी म्हणून, दुसऱ्यांदा खात्री म्हणून, आणि तिसऱ्यांदा, शंकरला वाटलं, नुसतं ऐकायला.

शंकरच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड महिना जे ऐकायला त्याचा जीव तरसला होता, ते एका कोंबडीच्या पिसाच्या टोकाला होतं.

मोटार बंद केली, थंड होऊ दिली. शंकरनं डाव्या हातानं चार बोल्ट सोडवून नळी काढली आणि लाडूच्या ओट्यावर ठेवली. मागच्या बाजूला केसाएवढी भेग, वरच्या कोपऱ्यापासून बोटभर खाली उतरलेली. लाडूनं ती नखानं चाचपली.

"बीड हाय. ठोका बसला तरच तडकतंय. दगड लागला काय वाटंत?"

केशरनं नळी उजेडाकडं धरली. वरच्या कोपऱ्यावर चकाकणारे डाग होते, एकाशेजारी एक. भेगेत काहीतरी अडकलं होतं. तिनं सुईनं ते हळूच ओढलं: तांबूस, राठ, कुरळा धागा. तिनं तो बोटावर घेतला, हुंगला आणि शंकरकडं बघितलं.

"ही तर नारळाची शेंडी."

शंकरनं मान खाली घातली. सुशीला मोटारीतून उतरून आली होती. तिनं धागा बघितला, नळीवरचे डाग बघितले, नवऱ्याचा चेहरा बघितला. "पाच," ती हळूच म्हणाली. "ताट म्याच धरलं हुतं."

मग लाडू असा हसला की भट्टीमागची कोंबडी उडाली. "आरं, हिच्यावर फोडलास? कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच," शंकर म्हणाला. "तुमी ऐरनीवर फोडला. म्या बगितलं."

लाडू आणखीच हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. केशर मात्र हसली नाही. "हसू नगा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यानं मनापास्नं केलं. हत्यार कुटलं मार खातंय आन् कुटलं न्हाई, येवडंच त्याला ठावं नव्हतं. ऐरन मार खायालाच जल्मली. ही नळी श्वास घ्यायाला जल्मली."

दिवस अजून चांगला हातभर वर होता. लाडूनं लोखंडी पट्टी कापली. केशरनं कानशीनं घासून निघालेल्या लोखंडी किसाची पुडी काढली, कल्हईवाल्याकडून आणलेला नवसागर त्यात मिसळला, पाण्यात कालवून लगदा केला आणि भेगेत नखानखानं भरला. मग ती भात्याशी बसली. पट्टी लाल झाली. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची ती लाडूची रीत; तापली की पसरते, निवली की आवळते. तशीच त्यानं ती लाल पट्टी नळीभोवती वळवली, टोकं जुळवली आणि दोन रिवेट ठोकले. ठोके नळीला लागू नयेत म्हणून रिवेटाखाली केशरनं चिमट्यात लोखंडाचा ठोकळा धरला होता. चाळीस वर्षं एका भट्टीवर घालवलेल्या त्या दोघांना एकमेकांना काही सांगावं लागत नव्हतं. लाडूचा हातोडा वर गेला की तिचा ठोकळा जागेवर असायचा.

"पानी?" शंकरनं बादली उचलली.

"ठेव ती खाली!" केशर ओरडली. "बीड उलल. त्येचं त्येला निवू दे. रातभर."

पट्टी निवता निवता आवळत गेली. तिचा बारीक कुरकुर आवाज होत होता. शंकरलाही तो ऐकू आला. पण केशरनं बोट वर केल्यावर.

सोमवारी सकाळी नळी बसवली. मनगटाची कळ जराशी कमी होती आणि सरळ झालेल्या हँडलच्या दुसऱ्या झटक्याला मोटार सुरू झाली. सहा पोती चढली. परशुराम मुकादम शेजारी येऊन बसला. सुशीला सवयीनं नारळ घेऊन आली आणि मधेच थबकली.

"हौद्यात ठेव," शंकर म्हणाला.

"नारळ न फोडता निगालास?" मुकादमाच्या कपाळाला आठी पडली.

"आलो की फोडू."

बोलला खरं, पण न फोडलेला नारळ मागं पोत्यांत डुगडुगत होता, आणि दोन कोसांपर्यंत त्याला मोटारीपेक्षा त्या नारळाचंच जास्त ऐकू येत होतं.

त्याच अरुंद चढावर समोरून म्हादूची गाडी आली. या खेपेला तिच्यात बांबू भरलेले, दोन्ही बाजूंना लोंबणारे. शंकरला थांबावंच लागलं. त्यानं दांडा पार खाली सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

म्हादूला गाडी काठावर घ्यायला वेळ लागला. बांबू झाडीत अडकले. तो उतरला, बैलांना मागं रेटलं, बांबू सोडवले, पुन्हा बांधले. मोटार उभी होती. ठोका, ठोका, ठोका. हौद्यातली फळीसुद्धा वाजत नव्हती. मुकादम आधी समोर बघत होता; मग त्यानं मान झुकवून बॉनेटकडं कान दिला. चांद्या शेजारून जाताना शंकरनं हात बाहेर काढून त्याच्या पाठीवर ठेवला. दांड्यावरचा हात सोडून एवढं करता आलं, याचंच त्याला केवढं सुख झालं.

"कुनी केलं हे?" चढ ओलांडल्यावर मुकादमानं विचारलं. "बेळगावात?"

"न्हाई. केशरअक्कानं. भात्यावर बसती, ती."

मुकादमानं पुन्हा बॉनेटकडं कान दिला. छावणीत तांदूळ उतरला, चुलींवर चढला, तेव्हा एवढंच म्हणाला, "गुरुवारी आठ पोती भर."

परतताना ऊन उतरायच्या आत शंकरनं मोटार भट्टीपुढं उभी केली. सुशीलाही घरातून धावत आली. मोटार चालू ठेवून, तिच्याकडं पाठ करून, तो नारळ घेऊन आत गेला. लाडूनं ऐरणीवरचं काम बाजूला केलं, फडक्यानं ती पुसली आणि नारळ घ्यायला सवयीनं हात पुढं केला. खंडेनवमीचा नारळ दरवर्षी तोच फोडायचा. त्याच्या आधी त्याचा बाप.

शंकर त्याच्या शेजारून पुढं गेला आणि भात्यापाशी वाकला. नारळ त्यानं केशरच्या मांडीवर ठेवला.

"अक्का, तुमी फोडा."

केशरनं नारळाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. चाळीस वर्षं त्या ऐरणीच्या समोर बसून तिनं भाता ओढला होता. ऐरणीवर हात कधी उचलला नव्हता. बायका उचलत नाहीत. "म्या कशी?" ती म्हणाली. "तुमी घ्या वो."

लाडू लोहारानं मिशीवरून हात फिरवला आणि दोन पावलं मागं सरला. "फोड की," तो म्हणाला. "कान तुजा, नारळ बी तुजा."

ती उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही हातांत नारळ धरला आणि एकाच घावात फोडला. पाणी ऐरणीवरून वाहून राखेत गेलं. मग चौघं ओट्यावर बसली आणि खोबरं खाऊ लागली. कुणी घाई केली नाही. बाहेर मोटार एकटीच उभी होती, चालू, आणि शंकरनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.